अक्रोडाची शाई

कोर्ट प्रार्थनाघरातच भरलं,
हार्मनी बेंडमध्ये तेवढं मोठं दुसरं छप्पर नव्हतं.
वेदीपुढचं टेबल आडवं केलं,
न्यायाधीशांनी त्यावर धुळीची टोपी ठेवली,
आणि आम्ही आपापल्या बाकांवर,
रविवारी बसतो तसेच बसलो.

एल्डर अझेल टर्नबो उभे राहिले.
"मला ठाऊक नव्हतं," म्हणाले.
"त्या आठवड्यात माझी दाढ ठणकत होती,
तोंडात लवंग धरून अंथरुणाला खिळलो होतो.
टेनेसीचे वाटसरू झऱ्यापाशी उतरलेत
एवढंच कानावर आलं.
तत्काळ पत्र धाडलं.
स्वार पोचेपर्यंत टेकड्यांतल्या लोकांनी डाव साधला होता."

पत्र पुढे आलं.
ऑगस्टची एकोणीस तारीख. अक्षर माझं.
*त्यांना सुखरूप जाऊ द्या,
त्यांच्या बैलांना पोटभर पाणी पिऊ द्या.*
वाचलं गेलं तेव्हा
पुढच्या बाकावरच्या बायका रडल्या.
चांगलंच आहे ते पत्र.
बैल मी सुचवले होते.

शाईबद्दल कुणी विचारलं नाही.

आमच्याकडे शाई दुकानातून यायची, निळी, महाग.
त्या सालापासून मी घरीच करू लागलो.
एल्डरांनी इलिनॉयहून
ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेलं अक्रोडाचं रोप
त्या साली पहिल्यांदा फळलं.
ऑक्टोबरात फळं पडली.
हिरव्या साली कुजवल्या, उकळल्या,
मूठभर गंजके खिळे टाकले,
आणि पहिली बाटली भरली तेव्हा
झऱ्याकाठच्या बावन्न जणांवर
दोनदा बर्फ पडून गेला होता.

त्या रात्री एल्डर सफरचंद सोलत होते.
साल कुठेही न तोडता,
लांब, एकसंध.
"तारीख विसरू नकोस, जोथम," म्हणाले.
मी विचारलं, कुठली?
सालीकडे बघतच त्यांनी सांगितली.

ऑगस्टात त्यांनी काहीही लिहिलं नव्हतं.
ओसरीत चौघे आले होते, टोप्या हातात घेऊन.
मी दाराआड दिव्याची वात कापत होतो.
एल्डर इतकंच म्हणाले,
"देवाला हात लागतात."
दुसरा शब्द नाही.
शपथेवर सांगतो, दुसरा शब्द नाही.
पण शपथ कुणी घातलीच नाही मला तेवढ्यासाठी.

कानांवर हात ठेवायला
हात धुतलेले असावे लागत नाहीत, हे मला तिथे कळलं.
एल्डरांचे तर गोरे, नखं कापलेली.
माझी बोटं मी बाकाखाली धरली.

"हे अक्षर तुमचं?"
"हो."
"बसा."
एवढंच खरं बोललो मी त्या दिवशी,
आणि तेवढ्यानेच काम भागलं.

बाहेर घोडे बांधायच्या खांबापाशी
टेकड्यांतला एक म्हातारा सकाळपासून बसला होता.
त्याची साक्ष कायदा घेत नाही.
मी जवळून गेलो
तेव्हा त्याने माझ्या तोंडाकडे नाही,
बोटांकडे पाहिलं,
आणि पुन्हा आपल्या घोंगडीचा उसवलेला काठ चाचपू लागला.

घरी मर्सी अंगणात होती.
आम्ही तिला मर्सी म्हणतो.
झऱ्यावरून तीन लेकरं गावात आणली, वाटून घेतली,
ही आमच्या वाट्याला आली, तीन वर्षांची,
एका पायात बूट.
आता नववं सरतंय.
झोपेत कधी कधी एका निळ्या कपाटाबद्दल बोलते.
आमच्या घरात निळं कपाट नाही.
माझी बायको उठून तिला पांघरूण घालते,
आणि आम्ही सकाळी त्याबद्दल बोलत नाही.

ओच्यात अक्रोड, हात मनगटापर्यंत काळे.
"साबणाने जात नाही," ती म्हणाली,
"राखेनेही नाही. हे कधी जातं?"

मी कोट खुंटीला लावला.
"जातं," म्हटलं.
आणि विचारल्याबरोबर
तिला एक तारीखही सांगितली.